काकांचं ‘दाव’ आणि ‘राव’

नळ येणार की नाही, हे सांगणारे आमच्या जठारपेठेत पुष्कळ आहेत. पण “आज नळ नाई येनार दाव,” असं सांगणारे एकटे वसंतकाकाच.

काकांचा मुलगा नोकरीसाठी मनिलाला गेला आणि तिथल्याच मुलीशी लग्न करून तिथलाच झाला. नात झाली, ती आईची तगालोग बोलते. काकू गेल्यावर काका रिकाम्या घरात मोबाइलवरचे धडे लावून ती भाषा शिकायला बसले. बाकी फारसं जमलं नाही, पण एका शब्दावर जीव जडला. आपण ऐकीव गोष्टीला ‘म्हणे’ लावतो, तसं तिकडे ‘दाव’. काका कोर्टात टायपिस्ट होते. लोकांचे जबाब टाइप करण्यात जन्म गेला, त्यामुळे पाहिलेलं आणि ऐकलेलं ते कधी एकत्र करत नाहीत.

“पन भाऊ, एक गंमत हाय,” त्यांनी मला फाटकाशीच अडवलं. “आधीचा शब्द स्वरावर नाई तं ‘य’-‘व’वर संपला, का ‘दाव’चं ‘राव’ होते. बस येनार दाव. बस गेली राव. समजलं?”

मला समजलं. भाजीवालीला नाही. “कांदे महागले राव,” काका म्हणाले, तशी तिनं टोपली खाली ठेवली.

“काका, मी बाईमानूस. मले राव काहून म्हनता?”

काका तिला स्वर आणि व्यंजनं समजावत बसले. तेव्हापासून ती आमच्या गल्लीत येत नाही.

मागच्या रविवारी काकांनी मला मुद्दाम बोलावलं. आज मुलाला मध्ये न घेता ते नातीशी थेट बोलणार होते. ‘तुझी शाळा दाखव’ एवढं एकच वाक्य आठवडाभर घोकलं होतं. अंगात इस्त्रीचा शर्ट होता.

फोन लागला. मुलगा दिसला, मागे सून. सुनेनं आत वळून पोरीला हाक मारली. आतून बारीक आवाजात काहीतरी उत्तर आलं. सून नवऱ्याकडे पाहून हळूच म्हणाली, “आयाव राव.”

मुलगा परत फोनकडे वळला. “बाबा, झोपली ती.”

“झोपू दे, झोपू दे. उठवू नको तिले,” काका घाईनं म्हणाले. तब्येत, ऊन, जेवण असं थोडं बोलणं झालं आणि फोन बंद झाला.

“झोपली राव!” मी आपला हसवायला म्हणालो.

काका हसले नाहीत. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत राहिले.

“आयाव म्हंजे नको,” ते म्हणाले. “बोलाचं नाई म्हनते ती. बराबर हाय, लेकराची काय ओळख माह्यी?”

मी उठलो, तर त्यांनी माझा हात धरला.

“भाऊ, पोराले सांगजा नको, का बापाले समजते म्हनून. पुढच्या खेपेले खोटं बोलाले अवघड जाईन बिचाऱ्याले.”