तीन कुरव आणि एक पाटी

“‘दगड चोरा आणि चषक मिळवा,’ असंच सरळ छापायचं होतं की,” म्हणत मेव्हिसबाईंनी गावच्या प्रदर्शनाचे पत्रक टेबलावर आपटले. डेरिकच्या कपातला चहा बशीत आला. तो मुकाट्याने बशीतला चहा परत कपात ओतू लागला. अशा वेळी नवऱ्याने काय करायचे असते, हे त्याला आता पाठ झाले होते.

यंदा हस्तकलेचा विषय होता गोटे चिकटवून केलेल्या पक्ष्यांचे चौकटीतले चित्र, आणि देखावा किनाऱ्याचा. अट अशी, की सगळे सामान स्पर्धकाने स्वतः गोळा केलेले हवे. आता थॉर्पक्लिफला दर हिवाळ्यात समुद्र गाव गिळायला येतो, आणि त्याला थोपवतो तो किनाऱ्यावरच्या गोट्यांचा बांधच. म्हणून तिथून एकही गोटा उचलायला मनाई आहे. तशी पाटीच आहे, आणि ती लावून घेण्यासाठी मेव्हिसबाईंनी ग्रामपंचायतीचे डोके खाल्ले होते. उन्हाळ्यात शहरातली माणसे आली की बाई कुत्र्याला फिरवायच्या निमित्ताने किनारा राखत आणि भल्याभल्यांना पिशव्या उघडायला लावत. “परतच ठेवणार होतो,” असे कोणी म्हणाले की त्यांचे उत्तर ठरलेले असे, “सगळे असंच म्हणतात.” एकदा तर पाद्र्याच्या बहिणीच्या खिशातून त्यांनी गोटा काढून घेतला होता. पाद्र्याची बहीण झाली म्हणून काय झाले?

“मग यंदा भाग घेऊ नकोस,” डेरिक म्हणाला.

“आणि चषक परत त्या हिल्डाच्या कपाटात जाऊ देऊ? गेल्या वर्षी माझ्या जॅमवर काय चिठ्ठी ठेवली होती, विसरलास? ‘झाकण नियमाप्रमाणे नाही.’ चवसुद्धा बघितली नाही मेल्यांनी. ते काही नाही. बागेच्या सामानाच्या दुकानात गोट्यांच्या पिशव्या मिळतात. सोमवारी जा आणि एक घेऊन ये.”

“पण ते स्वतः गोळा केलेले...”

“नवऱ्याने आणले म्हणजे मीच आणले. नवरा तर मी स्वतःच गोळा केलाय ना?”

सोमवारी सकाळी गेलेला डेरिक चहाच्या वेळेला पिशवी खांद्यावर टाकून परत आला. तोंडाला बिअरचा वास होता आणि पिशवी ओली होती.

“ओली कशी?”

“दुकानाबाहेर ठेवतात. पाऊस येऊन गेला ना.”

बाईंनी एकेक गोटा धुऊन पुसून उन्हाला ठेवला. “बघ, विकतचा माल तो विकतचा. किनाऱ्यावर इतके सुबक सापडतात का कधी?” डेरिक म्हणाला, नाही सापडत.

पुढचे काही दिवस त्या घरात जेवण वेळेवर मिळाले नाही. राखाडी गोट्यांची अंगे झाली, पांढऱ्यांच्या छात्या झाल्या, तांब्याच्या तारेचे पाय झाले. एका कुरवाची, म्हणजे किनाऱ्यावर लोकांच्या हातातल्या बटाट्याच्या चिप्स पळवणाऱ्या त्या समुद्रपक्ष्याची, चोच डेरिकच्या स्वेटरला चिकटली, ती कात्रीने सोडवावी लागली. स्वेटरचे काय झाले ते कोणी विचारले नाही. आईच्या फोटोची जुनी चौकट रिकामी करून बाईंनी तिच्यात तीन कुरव कुंपणाच्या फळीच्या तुकड्यावर ओळीने बसवले. तिसऱ्याच्या चोचीत पिवळ्या कापडाची चिप दिली, अगदी चोरल्यासारखी. चित्र खरेच देखणे झाले होते.

प्रदर्शनाच्या तंबूत बाहेरगावच्या परीक्षक बाई त्या चिपचोर कुरवापाशी थांबल्या, हसल्या आणि पहिल्या बक्षिसाचे कार्ड ठेवून गेल्या. मेव्हिसबाईंनी मान किंचित वर केली. शेजारी हिल्डाचा पफिन नावाचा समुद्रपक्षी होता. तो पक्षी होता की बटाटा, हे ठरवायला जवळ जावे लागत होते.

“गोटे काय सुरेख गं, मेव्हिस,” हिल्डा तंबूभर ऐकू जाईल अशी म्हणाली. “हा पांढऱ्या पट्ट्याचा तर आपल्या कड्याखालीच मिळतो, नाही?”

आसपासच्या माना वळल्या. पाद्र्याची बहीण पुढे झाली. “अच्छा. म्हणजे आमच्या खिशातले काढून घ्यायचे आणि आपण चौकटीत बसवायचे.”

मेव्हिसबाईंचे कान लाल झाले. गप्प बसावे, तर चोर. खरे सांगावे, तर चषक गेला. आणि चषक तर तिकडे टेबलावर चकाकत होता.

“हे विकतचे आहेत,” त्या कडाडल्या. “दुकानातले. चोरीचा आळ मी ऐकून घेणार नाही.”

“मेव्हिस, घरी जाऊन बोलू,” डेरिकने त्यांची बाही ओढली.

“घरी कशाला? सांग ना इथेच, कुठून आणलेस?”

डेरिकने बायकोकडे पाहिले, गर्दीकडे पाहिले आणि शेवटी आपल्या बुटांना सांगितले, “दुकानातून.”

प्रदर्शनाचे चिटणीस गुडरम यांनी सुस्कारा सोडला, कार्ड उचलले आणि जागी चिठ्ठी ठेवली, ‘नियमाप्रमाणे नाही.’ चषक बटाट्याला गेला.

“जाऊ दे,” वाटेत चौकट काखेत धरून बाई म्हणाल्या. “चषक गेला, पण नाव राहिलं. गावात एक तरी माणूस सरळ आहे, हे कळलं सगळ्यांना.”

डेरिक थांबला. “मेव्हिस, सोमवारी सुट्टी होती. दुकान बंद होतं. मग मी जरा पबात बसलो. मग... पिशवी आपल्याच शेडमधली.”

“आणि गोटे?”

“पाटीकडे पाठ करून उचलले.”

रविवारी सकाळी मेव्हिसबाईंनी सुरीने कुरव चौकटीतून सोडवले. गोंद पक्का होता. पक्षी सुटे झाले, पण त्यांच्या अंगांना चिकटलेले तारेचे पाय काही निघाले नाहीत. “अंधारात जाऊन टाकू,” डेरिक म्हणाला. “अंधारात कोण जातं? चोर,” असे सुनावून बाई भर उन्हात किनाऱ्यावर गेल्या आणि पाटीच्या जवळच वाकल्या.

“अहो आजी, ती पाटी वाचली नाही का?”

मागे पिवळा कोट घातलेली एक शहरी बाई उभी होती.

“मी परत ठेवतेय.”

“सगळे असंच म्हणतात. पिशवी उघडा बघू.”

मेव्हिसबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. आपल्याच किनाऱ्यावर, आपल्याच पाटीखाली, कोण कुठली ही? पण त्यांनी पिशवी उघडली. आतून तीन कुरव तारेचे पाय वर करून पडलेले दिसले, त्यांतल्या एकाच्या चोचीत चिप होती.

“नक्षी करून विकायला नेता वाटतं,” ती बाई पुटपुटली. “शोभतं का हे, या वयात?”

मेव्हिसबाई कंबर धरून सरळ झाल्या. तिला त्यांनी खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळले.

“असं पुटपुटून कोणी ऐकत नाही, बाई,” त्या म्हणाल्या. “परत सांगा. जरा दरडावून.”