खालून कापलेल्या तीन ओळी

सोमवार, १६ जुलै १९७३. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आमच्या ओसरीवर अकरा मुले डबे घेऊन बसलेली आढळली. त्यातले आमचे एकही नव्हते.

आमची एकच मुलगी, शामला. वय नऊ. शाळेची घंटा झाली की तिच्या पोटात कळ येई, रांगेत उभे केले की ओकारी. जूनमध्ये मी तिचे नाव काढले आणि तिला शब्द दिला: घरी घंटा नाही, रांग नाही, ओरडणे नाही. पोळीचे चार तुकडे करून अपूर्णांक, भाजी तोलून बेरीज, कंटाळा आला की आडवे व्हायचे. महिन्याभरात पोर खुलली. मी तर इतका फुगलो की आमच्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत लेखच लिहिला. 'आमच्या ओसरीला दार नाही, कोणीही यावे, शिकावे' असे एक झोकदार वाक्यही टाकले.

महत्त्वाचे आधी लिहा, जागा कमी पडली तर आम्ही खालून कापतो, हे मी नव्या वार्ताहरांना वीस वर्षे बजावत आलो आहे. लेखाच्या अगदी शेवटी मी तीन ओळी लिहिल्या होत्या: हा प्रयोग आमच्या मुलीपुरता आहे, कृपया कोणी मुले पाठवू नयेत.

शनिवारी आयत्या वेळी छत्र्यांची जाहिरात आली. छापखान्यातला नत्थू माझ्या लेखाचे पान घेऊन आला.

"साहेब, तीन ओळी उरून राहिल्या."

"काप खालून," मी म्हणालो. मान वर न करता.

शेजारच्या रुखमाबाईंनी त्या अकरांतला आपला नातू माझ्या पुढ्यात ढकलला. "पोट्टं खट्याळ आहे, गुरुजी. मारलं तरी चालते." एक गृहस्थ लांबच्या जरीपटका वस्तीतून सायकलवर पुढे एक, मागे दोन अशी आणखी तीन मुले घेऊन आले आणि मी तोंड उघडायच्या आत परत फिरले. बायकोला, प्रेमिलाला, तारघरात कामावर जायचे होते. मी आशेने तिच्याकडे पाहिले.

"छापलं तुम्ही, आता शिकवा बी तुम्हीच," ती म्हणाली आणि चप्पल घालून गेली.

दहा वाजता दोघे पाण्याच्या टाक्यात होते, एक रुखमाबाईंच्या टिनाच्या छपरावर, आणि अपूर्णांकांसाठी ठेवलेल्या पोळ्या पूर्णांकासकट संपल्या होत्या. शामला मात्र खुशीत होती. टाक्यातल्या दोघांना ती पोहण्याचे नियम समजावत होती. टिनावरचा घसरला, पन्हाळीला लोंबकळला, आणि माझे डोके फिरले. मी स्वयंपाकघरातून पितळी परात आणली, तिच्यावर झारा दणादण वाजवला आणि ओरडलो, "रांगेत उभे राहा!"

काय शिस्त! क्षणात चौदा मुले रांगेत. मी अभिमानाने मोजली. पंधरा भरली.

शेवटी शामला होती. हाताची घडी, चेहरा पांढराफटक. परात माझ्याच हातात होती.

ती कोठीच्या खोलीत गेली आणि तिने आतून कडी लावली.

मुले बारा वाजता आपापल्या घरी पोचवली. खुलासा उद्याच्या अंकात पहिल्या पानावर, अगदी वर घ्यायला सांगितला आहे. हे लिहिताना पावणेतीन झाले आहेत. कोठीच्या दारापाशी मी चार वेळा माफी मागितली. आतून एकदाच आवाज आला.

"सुट्टी केव्हा होते, गुरुजी?"

कडी अजून लागलेली आहे.