शंभर वर्षांचं कटिंग

पाशाभाईंनी ट्रंकेतलं सगळ्यात वरचं मासिक उघडलं आणि त्यांच्या तोंडातली सुपारी दाढेखाली तशीच थांबली. पानावरच्या बाईची टोपी जागेवर होती, टाचांचे बूटही जागेवर होते. मधली बाई मात्र नव्हती. तिथं ब्लाऊजच्या पाठीच्या आकाराचं एक सुबक भोक होतं आणि त्या भोकातून पुढच्या पानावरचं भोक दिसत होतं.

केजच्या बसस्टँडमागच्या गल्लीत पाशाभाईंचं 'न्यू लंडन लेडीज टेलर्स' आहे. दुकानाच्या मधोमध एक हिरवा पडदा आहे. पडद्याच्या अलीकडं पाशाभाई आणि त्यांची मशीन. पलीकडं त्यांची बायको मुनिराभाभी. ब्लाऊजचं माप घेणं, त्या मापाचं कागदी कटिंग काढणं आणि त्यावरून कापड कापणं हे सगळं पलीकडं होतं. कापलेलं कापड पडद्याखालून अलीकडं सरकतं आणि पाशाभाई ते शिवतात. पस्तीस वर्षांत त्यांनी तो पडदा ओलांडलेला नाही. केजमधल्या कुठल्याही बाईचं माप पाशाभाईंना माहीत नाही, हीच त्या दुकानाची खरी पाटी, आणि तिच्यावरच दुकान चाललं होतं.

"मुनिरा," पाशाभाईंनी पडद्याला हाक मारली, "एकोणीसशे सव्वीसची बाई कुठं गेली?"

"ती टोपीवाली व्हय? ती चंद्रभागाबाईच्या पाठीत गेली."

"आन् तिच्या मागची?"

"तिच्या बाह्या झाल्या. दोघी नणंदांना पुरली."

घरात दोघं दखनीत बोलत. भांडण निघालं की मुनिराभाभी मराठीवर येत, म्हणजे आत बसलेलं गिऱ्हाईक साक्षीला मिळे. आज आत दोन गिऱ्हाइकं होती.

"अगं, अब्बाची मासिकं होती ती!"

"मग? तुमीच सांगितलं होतं, पेपरवर कटिंग काढू नको, शाई कापडाला लागती, चिकना कागद घे. चिकना कागद घरात दुसरा कुठं हाय, ते सांगा."

पाशाभाईंनी सांगितलं होतं, हे खरं होतं. त्यांनी शर्टाची कॉलर सैल केली. त्या कॉलरला आतून करडे डाग होते. पाशाभाईंच्या प्रत्येक नव्या पांढऱ्या शर्टाला ते पडत आणि त्याचं खापर पाशाभाई इतकी वर्षं केजच्या पाण्यावर फोडत आले होते.

मासिकांचा हा जीवघेणा प्रश्न उभा राहिला तो ऋतुजा मॅडममुळं. गावातल्या मुलींच्या कॉलेजात नव्यानं फॅशन डिझाईन शिकवायला आलेल्या या बाई पंधरा दिवसांपूर्वी ड्रेस टाकायला आल्या आणि मशीनशेजारी ठेवलेलं एक जुनं मासिक चाळू लागल्या. झालं. पाशाभाईंना ऐकणारं माणूस मिळालं. अब्बा हैदराबादला एका मोठ्या दुकानात कटर होते, तिथं साहेबांच्या मडमा नमुन्यासाठी मासिकं आणत आणि विसरून जात. अब्बा निजामाच्या काळात केजला आले ते एक कात्री आणि एक ट्रंक घेऊन. पुढं ते रद्दीवाल्यांकडून भर घालत राहिले, त्यांच्यामागं पाशाभाईंनी घातली. ट्रंक असायची पडद्यापलीकडं, त्यामुळं मशीनशेजारची चार-दोन मासिकं सोडली तर पाशाभाईंनी वर्षानुवर्षं काही उघडून पाहिलं नव्हतं.

"बगा मॅडम," पाशाभाई म्हणाले होते, "आदी नुसतं चित्र काढायचे. मग फोटो आला. तवा फोटोतली बाई खांबावानी उभी. हलली की फोटो बिघडायचा. पर उजेड बगा कसा सोडलाय. बाहीची एकेक चुणी मोजून घ्या. ह्या फोटोवाल्याला शिलाई कळत होती."

"मग?"

"मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, बाईला घराभायेर न्या. वाऱ्यात उभी करा. कापड उडालं आन् मॅडम, कापडात जीव आला. पुढं लढाई लागली, तर झगे आखूड झाले. कापडच नव्हतं. पर उभं राहायची ऐट तीच. मग बाया उड्या मारायला लागल्या, मग रंग आला, मग खांदे हे एवढाले झाले. आता कंप्युटर बाईच्या तोंडावरची सुरकुती काढतो. काढू दे. पर काज कसं केलंय ते अजून फोटोवालाच दाखवतो."

आणि मग आवाज खाली आणून त्यांनी आपलं ठेवणीतलं गुपित सांगितलं. "समोरून बगितलं तर फिटिंग एक नंबर. मागून सगळे चिमटे लावलेले असतात. मला अब्बांनी शिकवलं. फोटोवाला म्हणजे आपल्यासारखाच माणूस, वेळ मारून नेतो. पर काय मारून नेतो!"

ऋतुजा मॅडम भारावल्या. कॉलेजात 'फॅशन मासिकांतील छायाचित्रणाची शंभर वर्षे' असं प्रदर्शन भरवायचं ठरलं. पत्रिका छापल्या. उद्घाटन वच्छलाबाईंच्या हस्ते, म्हणजे ज्यांच्या होकाराशिवाय गावात मांडवाचा खांबही रोवत नाहीत त्यांच्या हस्ते. आणि खाली, 'विशेष सत्कार : श्री. पाशाभाई'. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सत्काराचे कपडे शिवलेल्या माणसाचं नाव पहिल्यांदा पत्रिकेवर आलं होतं. पाशाभाईंनी त्यातली एक पत्रिका मशीनच्या खणात ठेवली होती आणि दिवसातून चारदा खण उघडून सुईच शोधतोय असं दाखवत होते.

आणि आता प्रदर्शन पाच दिवसांवर आलं असताना ट्रंकेत शंभर वर्षांची भोकं होती.

पाशाभाईंनी कॉलेजात फोन लावला, मान खाली घालून सगळं सांगितलं. ऋतुजा मॅडम अर्ध्या तासात आल्या आणि सरळ पडद्याच्या आत गेल्या. आतून बराच वेळ नुसती कागदांची सळसळ ऐकू येत होती. पाशाभाईंच्या पायाखालची जमीन सरकायची तेवढी सरकून झाली.

बाहेर आल्या तेव्हा मॅडमचे डोळे मोठे झाले होते. "पाशाभाई, आत तारांवर आठ-नऊशे कटिंगं टांगलीत. पाठीच्या आकारात चाळीस सालचा समुद्रकिनारा आहे. एका बाहीवर नुसता हात आहे, हातमोजा घातलेला. अख्ख्या फोटोत मला तो हात कधी दिसलाच नसता. तुमची मासिकं राहू द्या. मला ही कटिंगंच लावायचीत."

पाशाभाईंचा जीव भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा वर आला. "विमानाजवळची बाई हाय का त्यात?"

ते अब्बांचं लाडकं चित्र. विमानाच्या पंखाला टेकलेली बाई, वाऱ्यानं फुगलेला लांब कोट, आणि डोळे कॅमेऱ्याकडं नाहीत, कुठं तरी लांब. अब्बा म्हणायचे, कोट असा शिवावा की घालणाऱ्याला कुठं तरी जावंसं वाटलं पाहिजे.

"ती न्हाई," आतून मुनिराभाभी म्हणाल्या. "ती वनमालाबरोबर परळीला गेली."

हा त्या दुकानाचा रिवाज होता. केजची मुलगी लग्न होऊन गेली, की मुनिराभाभी तिचं कटिंग घडी घालून तिच्या बॅगेत ठेवत. सासरच्या गावचा टेलर कसा निघेल सांगता येत नाही. माहेरचं फिटिंग तरी सोबत असावं.

पाशाभाई दुसऱ्या दिवशी जीपनं परळीला गेले. वनमालानं चहा केला, आणि कटिंगचं नाव काढताच ती कप ठेवून उठली. मग कपाटातल्या लग्नाच्या अल्बममधून तिनं ती पाठ काढली. वीस वर्षांत घडीसुद्धा मोडली नव्हती.

"ह्या मापाचं आता मला काही बसत न्हाई, चाचा," ती म्हणाली. "पर फेकवत न्हाई. मी अशी व्हते, त्याचा एवढाच पुरावा हाय. मागं माप लिवलंय. वाचायचं न्हाई, बगा."

"अल्लाकसम," पाशाभाई म्हणाले आणि परळी ते केज कटिंग मांडीवर पालथं पडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसले. जीपमधल्या लोकांना वाटलं, म्हातारा दवाखान्याचा फोटो घेऊन चाललाय, तर त्यांनी खिडकीची जागा दिली.

रविवारी सकाळी पाशाभाई नवा पांढरा शर्ट घालून हॉलवर पोचले आणि दारातच थबकले. मॅडमच्या मुलींनी काम झकास केलं होतं. हॉलभर दोऱ्या, दोऱ्यांना चिमटे, चिमट्यांना कटिंगं. पाठी, बाह्या, कटोऱ्या, आणि त्यांवर शंभर वर्षांच्या बायका. मधोमध विमानाजवळची. पाशाभाईंना अब्बांची आठवण येऊन भरून आलं.

मग कुणीतरी पंखा लावला.

कटिंगं दोरीवर गर्रकन फिरली. समुद्रकिनारे, हातमोजे, टोप्या, विमान, सगळं पाठमोरं झालं आणि समोर आली मुनिराभाभींची निळी अक्षरं. नाव, साल, छाती, कंबर, दंड. अख्ख्या केजची मापं हवेत डुलत होती. पाशाभाईंनी गपकन डोळे मिटले.

"मॅडम, पंखा बंद करा."

"अहो, मे महिना आहे. पंख्याशिवाय कसं चालेल?"

"मग ही उतरवा. ह्याच्यामागं बायांची मापं हायत. पस्तीस वरसं जपली. माझं दुकान जाईल, मॅडम."

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांना ती निळी अक्षरं सुंदर वाटली होती, म्हणूनच मागं पुठ्ठा लावला नव्हता. पण आता वेळ कुठं होता? बाहेर गाडीचं दार वाजलं. वच्छलाबाई आल्या होत्या, मागं सून, आणि सुनेच्या मागं निम्मं केज. बाया नटूनथटून आल्या होत्या आणि त्यांच्या अंगावरचा प्रत्येक ब्लाऊज पाशाभाई ओळखत होते.

फीत कापायला पाशाभाईंची कात्री ठेवली होती. ती देताना त्यांनी डोळे असे गच्च मिटले की वच्छलाबाई म्हणाल्या, "पाशाभाई, सत्कार हाय तुमचा, ऑपरेशन न्हाई."

सगळे आत शिरले. पाशाभाई पंख्याच्या बटणाजवळ जाऊन उभे राहिले. पण तिथं प्राचार्य वारा खात बसले होते. वच्छलाबाई एका कटिंगसमोर थांबल्या. काळ्यापांढऱ्या फोटोत एक बाई हनुवटी वर करून उभी होती. जगाला मोजत नाही, अशी मान. वच्छलाबाई कौतुकानं पाहत राहिल्या, तेवढ्यात वारा आला आणि बाईनं पाठ फिरवली.

'वच्छला बंकटराव. १९९२. कंबर २५.'

वच्छलाबाईंनी पर्समधून चष्मा काढला. पाशाभाईंना पत्रिका, खण, सत्कार सगळं डोळ्यांपुढून जाताना दिसलं.

"पाशाभाई, हे माप कुणाला ठावं व्हतं?"

"कुणालाच न्हाई, ताई. मलाबी न्हाई. पडद्यामागचं पडद्यामागंच होतं."

"तेच म्हणते मी. इतकी वरसं पडद्यामागं कावून ठेवलं?" वच्छलाबाईंनी सुनेला बोटानं जवळ बोलावलं. "सूनबाई, हिकडं या. काय लिवलंय ते वाचा. जरा मोठ्यानं वाचा, मागं ऐकू गेलं पाहिजे."

सुनेनं वाचलं. हॉलमध्ये एकदम आवाज झाला. मग जी ती आपली पाठ शोधू लागली. कुणी फुंकर मारून कटिंग फिरवत होती, कुणी नवऱ्याला ओढून आणत होती. चंद्रभागाबाई एकोणीसशे सव्वीसच्या बिनटोपीच्या बाईशेजारी उभं राहून नातीकडून फोटो काढून घेत होत्या. अर्ध्या तासानं पाशाभाईंसमोर तक्रारीची रांग लागली. ज्यांचं कटिंग लावलं नव्हतं त्या बाया रागावल्या होत्या. "आमी काय दुसरीकडून शिवून घेतलं व्हतं का? माझं माप कावून लावलं न्हाई?"

सत्काराची वेळ झाली. ऋतुजा मॅडमनी माईक हातात घेतला आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या मुनिराभाभींना विचारलं, "भाभी, कुणासाठी कोणतं पान कापायचं, हे कसं ठरवायचात?"

मुनिराभाभींनी पदर सारखा केला. "हाताला येईल ते न्हाई कापलं, मॅडम. आदी फोटो बगायचे, मग बाई बगायची. वनमालाला लांब जायचं व्हतं, तिला विमान दिलं. वच्छलाताई तवा नव्या सून होत्या. सासूपुढं मान वर न्हाई करायच्या. म्हणलं, पाठीवर तरी मान वर करणारी असू दे."

वच्छलाबाईंनी चष्मा काढून पुसला. पाशाभाई बायकोकडं पाहत राहिले. शंभर वर्षांच्या फोटोंवर ते तोंड भरून बोलत आले होते. पण एकेक फोटो बसून पाहिला होता तो पडद्यापलीकडच्या माणसानं. वच्छलाबाई हार घेऊन पाशाभाईंसमोर आल्या, तेव्हा त्यांनी तो हातात घेतला, चार पावलं चालत गेले आणि भर सभेत मुनिराभाभींच्या गळ्यात घातला. बायांनी अशा टाळ्या वाजवल्या की कटिंगं पुन्हा फिरली.

घरी दोघं पायीच निघाले. बसस्टँडजवळ आल्यावर पाशाभाईंनी घसा साफ केला.

"मुनिरा, माझ्या शर्टाचं कटिंगबी तूच काढती ना?"

"मग कोण काढणार?"

"ते कोणत्या फोटोवर काढलं?" विचारताना त्यांची मान आपोआप थोडी वर झाली.

मुनिराभाभी हार सांभाळत चालत होत्या. "तुमचं व्हय? तुमचं पेपरवर हाय."

पाशाभाई थांबले. त्यांचा हात हळूच नव्या शर्टाच्या कॉलरमध्ये गेला, आतून फिरला आणि बाहेर आला. बोटाला करडं काही तरी लागलं होतं.

"म्हणजे ते पाण्यानं न्हाई?"

"पाणी चांगलं हाय केजचं," मुनिराभाभी म्हणाल्या.