झेरा ग्रहावरील रहिवाशांना जहाजात घेणेबाबत

नाशकात द्वारकेच्या चौकापासून हाकेच्या अंतरावर, एका टायरच्या दुकानाच्या माडीवर, दाखले पडताळणी उपकक्ष नावाचं सरकारी कार्यालय होतं. २००५ साली या कार्यालयाला एक संगणक मिळाला. त्याच्याबरोबर दाखल्यांचं सॉफ्टवेअर यायचं होतं, ते मागाहून येणार असं कळलं. यंत्र चालतं हे दाखवायला कंत्राटदाराने त्यात एक परदेशी गेम टाकला आणि जाताना तो काढायचा विसरला. महिन्याभराने तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी जडवस्तुसंग्रह नोंदवहीत लिहिलं : संगणक एक, टेबल एक, अंतराळाचा गेम एक. झालं! गेम शासकीय मालमत्ता झाला, आणि शासकीय मालमत्ता काढून टाकायची म्हणजे निर्लेखन समिती बसवावी लागते.

पाठोपाठ परिपत्रक आलं, की संगणकसाक्षर कर्मचाऱ्याने रोज किमान दोन तास संगणक हाताळावा आणि तसा मासिक अहवाल पाठवावा. कार्यालयात संगणकसाक्षर एकटे कनिष्ठ लिपिक मधुकर आहेर. सिडकोतल्या एका क्लासात तीन महिने घालवून त्यांनी प्रमाणपत्र मिळवलं होतं. संगणकावर टाइप करायची सोय होती, पण तेव्हा टाइप करण्यासारखं काही नव्हतं. उरला गेम. आहेर रोज दोन तास गेम खेळू लागले आणि महिनाअखेर 'संगणक वापर : ५२ तास' असा अहवाल पाठवू लागले. सलग आठ महिने उपकक्षाचा जिल्ह्यात पहिला नंबर आला.

आहेर माणूस म्हणून वाईट नव्हते, हे इथेच सांगून टाकतो. त्या गेममध्ये आपण एका अंतराळयानाचे कप्तान असतो. ग्रहाग्रहांवर माणसं भेटतात, अडचणी सांगतात आणि आपण काय करायचं ते ठरवायचं. चांगलं वागलं की पडद्याच्या कोपऱ्यातली पट्टी हिरवी होते, वाईट वागलं की लाल. आहेरांची पट्टी हिरवीगार होती. त्यांनी गुलाम सोडवले होते, हरवलेला यंत्रमानव मालकाच्या घरी नेऊन पोचवला होता. तीन डोक्यांच्या एका व्यापाऱ्याने देऊ केलेली लाच तर त्यांनी इतक्या बाणेदारपणे नाकारली, की त्या संध्याकाळी घरी जाताना ते नेहमीपेक्षा ताठ चालत होते.

२००६ च्या जुलैपासून नवा नियम आला. हाताने लिहिलेला दाखला अवैध. दाखला संगणकावरच निघाला पाहिजे. नियम आल्यावर पहिलंच काम आलं ते हरसूलकडच्या एका पाड्यावरून. कुसाबाई नावाची बाई आपल्या मुलीला, संध्याला, घेऊन दहा तारखेला माडीचा जिना चढून आली. संध्या बारावी झाली होती आणि तिचा नाशकातच नर्सिंगला नंबर लागला होता. पाड्यावरून बारावी होणारी ती पहिली मुलगी. एकतीस जुलैला संध्याकाळी पाचच्या आत पडताळणीचा दाखला कॉलेजात दिला नाही, तर जागा पुढच्या मुलीला जाणार होती. कागद सगळे होते. सगळे कागद असणं ही आमच्याकडे संशयास्पद गोष्ट असल्याने आहेरांनी ते दोनदा तपासले. खरोखरच सगळे होते. अर्ध्या पानाचा मजकूर टाइप करायचा, छापायचा आणि सही घ्यायची, एवढंच काम होतं.

"होऊन जाईल, मावशी. परवा या," आहेर म्हणाले. परवा या म्हणताना त्यांच्या मनात काहीही वाईट नव्हतं. पहिल्याच दिवशी काम करून द्यायची तिथे पद्धत नव्हती, इतकंच.

आणि त्याच दुपारी झेरा ग्रहाचं प्रकरण उभं राहिलं.

झेराचा सूर्य फुटायच्या बेताला आला होता. ग्रहावरचे आठशे निळे रहिवासी कप्तानाच्या जहाजाच्या दारात उभे होते. पुढे एक चार डोळ्यांची आई, तिच्या हाताला धरलेली लहान मुलगी. मुख्यालयाचा हुकूम होता, की जहाजात खनिज भरून आणा, माणसं आणू नका. पडद्यावर तीन पर्याय आले. एक : सर्वांना जहाजात घ्या. दोन : त्यांना सोडून निघा. तीन : अधिक माहिती मागवा.

एकोणीस वर्षांच्या नोकरीत आहेरांनी स्वतःहून एकही निर्णय घेतला नव्हता. आजवर गेममध्ये जे निवडलं होतं, त्याला कुणाचा हुकूम आडवा आला नव्हता. इथे मुख्यालयाचं पत्र होतं. त्यांनी तिसरा पर्याय दाबला. चार डोळ्यांच्या आईने सगळी हकीकत सांगितली. त्यांनी पुन्हा तिसरा दाबला. तिने तीच हकीकत पुन्हा सांगितली, तितक्याच काकुळतीने. सुटीची वेळ होईपर्यंत आहेरांनी चौसष्ट वेळा अधिक माहिती मागवली आणि चौसष्टही वेळा तिची हकीकत शेवटपर्यंत ऐकून घेतली.

आता अडचण अशी, की बोलणं अर्धवट असताना गेम बंद करायची सोय नव्हती, आणि तो चालू असताना संगणकावर दुसरं काही करता येत नव्हतं. तसाच बंद केला तर आठ महिन्यांची कमाई पुसली जाणार. म्हणजे शासकीय मालमत्तेचं नुकसान, शिवाय पाठवलेले अहवाल खोटे ठरण्याचा धोका. त्यामुळे आहेरांनी संगणकावर चिठ्ठी डकवली : 'निर्णय प्रलंबित. यंत्र बंद करू नये.' आणि रीतसर फाइल उघडली.

प्रधान लिपिक लता निकम यांनी फाइल वाचून शेरा मारला : 'सदर आठशे व्यक्तींचे रहिवासाचे पुरावे जोडलेले दिसत नाहीत.'

"मॅडम, ग्रहच जळतोय हो त्यांचा," आहेर म्हणाले.

"मग जळण्याआधीचे आणायला सांगा." पण पडद्यावरची मुलगी पाहिल्यावर निकम मॅडमनी फाइल पुन्हा पुढे ओढली. त्यांनी खाली पेनाने भर घातली : 'तथापि, सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.'

फाइल साहेबांकडे गेली. साहेबांनी 'चर्चा करावी' असं लिहून ती परत पाठवली. चर्चा झाली. चर्चेचं इतिवृत्त झालं. इतिवृत्तातल्या एका शब्दाला साहेबांची हरकत निघाली, म्हणून पुन्हा चर्चा झाली. दरम्यान भारनियमनाचं वेळापत्रक बदललं आणि दुपारचे तीन तास वीज जाऊ लागली. साहेबांनी आपल्या केबिनचा इन्व्हर्टर काढून संगणकाला जोडायला लावला. साहेब पंख्याशिवाय घामाघूम बसून राहिले, पण कुरकुर केली नाही. "आठशे जिवांचा प्रश्न आहे," ते म्हणत. त्या कार्यालयात इतकी माणुसकी पूर्वी कधीच दिसली नव्हती.

कुसाबाई परवा आली, मग तेरवा आली, मग दर दोन दिवसांनी येऊ लागली. पहाटेची एस.टी. धरायची, दहाला बाकावर बसायचं, संध्याकाळी परत जायचं. बावीस तारखेला तिने विचारलं, "भाऊसाहेब, माझ्या पोरीच्या दाखल्याचं घोडं आडलंय कुठं?"

आहेरांनी तिला सगळं नीट समजावलं. लोकांना माहिती देण्यात त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही.

"कोणत्या तालुक्यात आलं ते झेरा?" कुसाबाईने विचारलं.

"तालुक्यात नाही, मावशी. आकाशात आहे."

"आन् जहाजात जागा नाय?"

"जागा आहे ना. दोन हजार माणसं मावतील."

"मंग घ्या की त्यांला! लेकराला घेऊन उभी हाय बिचारी. इचार कसला करून राहिले?"

आहेरांनी निकम मॅडमकडे पाहिलं. दोघंही हसले. अडाणी माणसाला सगळंच सोपं वाटतं. "असं एकदम घेता येत नाही, मावशी," आहेर समजुतीने म्हणाले, "अधिकार लागतो."

"तिच्यापायी माझी पोर राहील, भाऊसाहेब. एकतीसला शेवट हाय."

"माझ्या लक्षात आहे," आहेर म्हणाले, आणि ते खरंच त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवली होती. अलीकडे त्यांना रात्री झोप लागत नसे. डोळा लागला की चार डोळ्यांची बाई दिसे, आणि मग तिच्या बाजूला बाकावर कुसाबाई.

एकतीस तारखेला दुपारी तीन वाजता अंतिम बैठक संगणकासमोरच भरली. वीज गेलेली होती. साहेब म्हणाले, "मी पूर्णपणे सकारात्मक आहे. या लोकांना घेतलंच पाहिजे. माणुसकी म्हणून काही आहे की नाही?" सगळ्यांनी माना डोलावल्या. निकम मॅडमनी पदर डोळ्यांना लावला.

"मग साहेब, एक नंबर दाबू?" आहेरांनी विचारलं.

"दाबा की."

"लेखी दिलंत तर बरं होईल, साहेब."

साहेब खाकरले. "लेखी कशाला? तुम्ही दाबा, मी आहे ना. किंवा निकम मॅडम, तुम्ही दाबा."

"माझ्या टेबलचा विषय नाही तो, साहेब."

इन्व्हर्टर पीं पीं करू लागला. दहाएक मिनिटांची बॅटरी उरली होती. पडद्यावर चार डोळ्यांची आई हात जोडून उभी होती आणि इकडे तीन माणसं एकमेकांकडे बघत उभी होती. तेवढ्यात दाराशी आईबरोबर उभी असलेली संध्या आत आली. तिने पडद्यावरचं इंग्रजी वाचलं आणि कुणाला काही न विचारता एक आकडा दाबला.

जहाजाचं दार उघडलं. आठशे निळी माणसं पळत आत शिरली. वाद्यं वाजू लागली, पट्टी टोकापर्यंत हिरवी झाली आणि झेराचा सूर्य रिकाम्या ग्रहावर फुटला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आहेरांच्या गालांवरून घळघळा पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. आयुष्यात आपल्या हातून इतकं मोठं काम कधी झालं नव्हतं, असं त्यांना वाटलं.

"पण दाबलं कोणी?" निकम मॅडमनी विचारलं.

टाळ्या थांबल्या.

"त्रयस्थ व्यक्तीने, अधिकार नसताना, शासकीय यंत्रावर," मॅडमनीच उत्तर दिलं. " कार्योत्तर मंजुरी घ्यावी लागेल, साहेब. आत्ताच, याच वेळेची, आणि संगणकावर काढलेली. नाहीतर घेतलेले सगळे बेकायदा ठरतील."

"अरे बापरे," साहेब म्हणाले. "म्हणजे बाहेर काढावे लागतील?"

आहेरांनी गेम बंद केला. तीन आठवड्यांनी संगणक मोकळा झाला. समोर कोरं पान होतं. इन्व्हर्टरचा आवाज बारीक होत चालला होता आणि चारच मिनिटांची बॅटरी उरली होती. चार मिनिटांत अर्धंच पान टाइप होऊ शकत होतं. एक तर संध्याचा दाखला, नाहीतर कार्योत्तर मंजुरी.

"भाऊसाहेब," कुसाबाई एवढंच म्हणाली.

आहेरांची बोटं कळफलकावर गेली. मजकूर त्यांना तोंडपाठ होता. वीस दिवस मनात तोच घोळत होता. इथे पट्टी नव्हती, पर्यायांना आकडे नव्हते, वाद्यं तर नव्हतीच. त्यांनी मान वळवली.

"साहेब, आधी कुठलं घेऊ?"

साहेबांनी घड्याळात पाहिलं, मग निकम मॅडमकडे. "मला वाटतं," ते म्हणाले, "आपण यावर थोडी चर्चा करू."

चर्चा अतिशय सौहार्दाच्या वातावरणात झाली. दोन्ही बाजू मांडल्या गेल्या. मुलीची बाजू तर साहेबांनी स्वतः इतकी कळवळून मांडली, की ऐकणाऱ्याला वाटावं, आता झालंच. तेवढ्यात पडदा काळा झाला.

वीज सहाला आली. आहेर घरी न जाता थांबले, साहेबांनाही थांबवलं आणि दाखला छापला. अक्षर सुबक, समास नेमका, साहेबांची सही ठसठशीत. कुसाबाईच्या हातात तो देताना ते म्हणाले, "मावशी, याला मुदत नाही बरं का. जन्मभर चालेल." कुसाबाईने त्याची घडी करून पिशवीत ठेवली. पाच वाजता जागा पुढच्या मुलीला गेली होती. त्या साली संध्या दिवाळीनंतर मजुरांच्या टोळीबरोबर दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला गेली.

आहेरांना वाईट वाटलं. उगीच म्हणत नाही, मनापासून वाटलं. घरी गेल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं, तर तिलाही वाटलं. दुसऱ्या दिवशी साहेबांना वाटलं, निकम मॅडमना वाटलं, खालच्या टायरवाल्यालाही वाटलं. वाईट वाटायला वरून मंजुरी लागत नाही, म्हणून हे एक काम आपल्याकडे कसं झटपट होतं.

तुम्हालाही वाटलं असेलच. वाटायलाच पाहिजे, चांगली माणसं तुम्ही. वाटून झालं असेल तर पान उलटा. तुमच्या टेबलावरही कुणाला तरी परवा बोलावलेलं असेल.