अठ्ठेचाळीस तासांचा पास

ट्रॉय, मिशिगन येथील श्री. राजाराम सबनीस वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी ट्रॅमचं तिकीट काढणार होते, आणि ही बाब त्यांनी जितक्या गांभीर्याने घेतली तितक्या गांभीर्याने स्वतःची बायपाससुद्धा घेतली नव्हती. त्यांचा तरी काय दोष? चौतीस वर्षं मोटारींचे ब्रेक डिझाइन करण्यात गेली. राहतात त्या भागात लोक टपालपेटीपर्यंतही गाडी काढून जातात. बसथांबा आहे, पण तिथे कुणी उभं दिसलं तर येणारे-जाणारे काच खाली करून ‘सगळं ठीक आहे ना?’ असं विचारतात.

निमित्त झालं आसावरीच्या फोनचं. आसावरी ही सबनीसांच्या पत्नीची, मालिनीकाकूंची, मिरजेच्या मेडिकल कॉलेजातली रूम पार्टनर. लग्न करून ती युरोपात ग्राउएनबर्ग नावाच्या शहरात गेली, काकू अमेरिकेत आल्या, आणि एकेचाळीस वर्षं दोघी फोनवरच म्हाताऱ्या झाल्या. आता आसावरी घर विकून न्यूझीलंडला मुलाकडे चालली होती, कायमची.

‘‘जूनच्या तिसऱ्या शनिवारी दुपारी एकला टॅक्सी सांगितलीय,’’ ती म्हणाली. ‘‘त्याआधी ये बाई. तिकडे काही तू येणार नाहीस, आणि मी पुन्हा इकडे यायची नाही.’’

काकूंनी त्याच संध्याकाळी अकरा मिनिटांत विमानाची तिकिटं काढली, आठ दिवसांची. पुढच्या सात मिनिटांत आसावरीच्या घराजवळचं हॉटेल घेतलं. नकाशावर अंतर पाहिलं, तर चालत नऊ मिनिटं. एवढं करून त्या भाजी चिरायला बसल्या, कारण त्यांच्या मते प्रवासाची तयारी झालेली होती.

‘‘आणि शहरात फिरायचं कसं?’’ राजारामरावांनी विचारलं.

‘‘तिकीट काढून.’’

‘‘कुठलं?’’

इथे घोडं अडलं. ग्राउएनबर्गच्या वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर एकूण सव्वीस प्रकारची तिकिटं होती. एकेरी तिकीट होतं, छोटं एकेरी तिकीट होतं. दिवसाचं तिकीट आणि चोवीस तासांचं तिकीट ही दोन वेगवेगळी तिकिटं होती, कारण तिथला दिवस चोवीस तासांचा नसून पहाटे तीनला संपत होता. ज्येष्ठांना सवलत होती, पण ज्येष्ठपणाचा दाखला त्याच शहरातल्या नगरपालिकेचा लागत होता. जोडीचं तिकीट ‘दोन व्यक्ती, अथवा एक व्यक्ती व एक सायकल, अथवा एक व्यक्ती व एक मोठा कुत्रा’ यांच्यासाठी वैध होतं. त्यावर ए, बी, सी असे तीन झोन, आणि बी व सी यांच्या सीमेवरच्या स्टेशनात चढलात तर एक नियम, उतरलात तर दुसरा.

राजारामरावांनी एक्सेल उघडलं. आठवड्याभरात त्यात चौदा पानं झाली. मग त्यांच्या लक्षात आलं की हे एकट्याचं काम नव्हे, आणि त्यांनी विषय महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीपुढे नेला. दिवाळीच्या हॉलचं बुकिंग आणि कागदी प्लेटांची जाडी या दोन विषयांच्या मधे ‘ग्राउएनबर्ग शहरांतर्गत तिकीट निवड उपसमिती’ स्थापन झाली. अध्यक्ष स्वतः सबनीस. अनुभवी सदस्य म्हणून बाळ कारखानीस, कारण त्यांनी नऊ दिवसांत सात देश केले होते आणि गेली सहा वर्षं तेच सांगत होते. तांत्रिक सदस्य म्हणून देवांग, हा चाळिशीतला डेटा सायंटिस्ट. बैठका सबनीसांच्या बेसमेंटमध्ये ठरल्या, कारण तिथे पोहे मिळत.

‘‘सबनीस, एक लक्षात ठेव,’’ पहिल्याच बैठकीत कारखानीस म्हणाले. ‘‘तिकीट घेतलं म्हणजे झालं नाही. त्यावर शिक्का मारावा लागतो. आणि चेकर साध्या कपड्यात असतो.’’

‘‘मग ओळखायचा कसा?’’

‘‘ओळखता येत नाही. म्हणून सगळ्यांनाच चेकर समजायचं.’’

हे इतिवृत्तात नोंदवलं गेलं. पोह्यांची बशी ठेवता ठेवता मालिनीकाकू म्हणाल्या, ‘‘अहो, आपल्याला जायचंय आसावरीकडे. नऊ मिनिटं चालत आहे तिचं घर.’’

उपसमितीने बशा पुढे ओढल्या. मग देवांग समजुतीने म्हणाला, ‘‘काकू, वॉकिंग आमच्या मॉडेलमध्ये नाहीये. त्याला फेअरच नाही, मग कम्पेअर कशाशी करणार? पोहे मस्त झालेत पण.’’

सात बैठका झाल्या. नमनाला घडाभर तेल म्हणतात, इथे पिंप गेलं. अखेर तेवीस पानी अहवाल आला, एकमताने. ताशी लाभाच्या दृष्टीने अठ्ठेचाळीस तासांचा, सर्व झोनचा, जोडीचा पास सर्वोत्तम होता. अट एकच: त्या अठ्ठेचाळीस तासांत किमान एकतीस फेऱ्या व्हायला हव्यात. तिसाव्या फेरीपर्यंत तोटा, एकतिसाव्या फेरीला पास वसूल. परिशिष्ट ‘ड’मध्ये एक अडचणही नोंदवलेली होती. पास दोन दिवसांचा आणि मुक्काम आठ दिवसांचा, म्हणजे सहा दिवस पासाविना पडून राहतात. पुन्हा पास घ्यावा तर ताशी लाभाचं गणित कोसळतं. सबब मुक्काम दोन दिवसांवर आणावा.

‘‘म्हणजे तिकिटासाठी ट्रिप कमी करायची?’’ काकूंनी विचारलं.

‘‘कमी नाही, काकू,’’ देवांग म्हणाला. ‘‘ऑप्टिमाइझ.’’

मालिनीकाकूंना राग आला. चांगलाच आला. सदतीस वर्षं त्यांनी माणसांना भूल देण्याचं काम केलं होतं, पण तिन्ही माणसं पोहे खाता खाता एकदम गुंगीत गेलेली त्या प्रथमच पाहत होत्या. तरी त्यांनी विचार केला, अठ्ठेचाळीस तास आणि नऊ मिनिटं. एवढ्या वेळात आसावरीकडे शंभर वेळा जाऊन येता येईल. म्हणून त्या गप्प बसल्या. विमानाची तारीख बदलण्याचा जो भुर्दंड पडला, त्यात ग्राउएनबर्गच्या ट्रॅममधून कुत्र्यासकट महिनाभर हिंडता आलं असतं. परंतु विमान हा विषय उपसमितीच्या कार्यकक्षेत येत नव्हता.

गुरुवारी दुपारी बारा अठ्ठावन्नला राजारामरावांनी हॉटेलसमोरच्या यंत्रात पास घातला. खट्ट असा शिक्का पडला. शनिवारी बारा अठ्ठावन्नपर्यंत मुदत.

‘‘चला,’’ काकू म्हणाल्या. ‘‘आधी आसावरी.’’

‘‘चालत गेलो तर एक फेरी बुडते. येताना दुसरी.’’

‘‘मग ट्रॅमने जाऊ.’’

‘‘जायचंच आहे. पण अहवालाप्रमाणे पहिला दिवस झोन सी. लांबचा झोन आधी वसूल करायचा. आसावरी झोन एमध्ये येते, ती कधीही होईल.’’

आसावरीने फोनवर सांगितलं होतं की घरात पॅकर्स आहेत, संध्याकाळी आलात तरी चालेल. म्हणून काकू निघाल्या. झोन सीमध्ये पाहण्यासारखं काय होतं? एक सिमेंटचा कारखाना, एक कबरस्तान आणि ट्रॅम जिथे वळते ती गोल जागा. तिथे उतरून ती दोघं पलीकडच्या फलाटावर गेली आणि त्याच ट्रॅममध्ये पुन्हा बसली, कारण उतरून चढलं की फेरी मोजली जाते. राजारामराव डायरीत रेघा ओढत होते आणि प्रत्येक सहप्रवाशाकडे, तान्ह्या मुलांसकट, चेकर समजून पास उंच धरत होते. रात्री नऊला दोघं परतली तेव्हा नऊ फेऱ्या झाल्या होत्या. आसावरी वाट पाहून झोपली होती.

शुक्रवार हा मुख्य कामाचा दिवस. सकाळपासून ट्रॅम, बस, भुयारी रेल्वे, नदीवरची फेरीबोट आणि टेकडीवर जाणारी दोरीची गाडी असा धडाका लागला. टेकडीवरून म्हणे आल्प्सची शिखरं दिसतात. पण खाली यायची गाडी तीन मिनिटांत सुटत होती. दुपारी आसावरीचा फोन आला.

‘‘मालू, कुठे आहेस?’’

‘‘ट्रॅममध्ये.’’

‘‘मग उतर ना.’’

‘‘उतरते गं. एवढी एक फेरी झाली की.’’

हे वाक्य आपल्या तोंडून कसं गेलं, याचं काकूंना नवल वाटलं. पण खरं सांगायचं तर दुपारपासून काकूही मनात रेघा ओढू लागल्या होत्या. आसावरीच्या गल्लीच्या तोंडावरून ट्रॅम चार वेळा गेली. तिसऱ्या वेळेला आसावरी खिडकीत उभी दिसली, हातात चिकटपट्टी, डोळ्यांवर ऊन आलेलं. काकूंनी काचेवर हात आपटला. तिने पाहिलं नाही, आणि ती जलद ट्रॅम असल्यामुळे तिथे थांबली नाही. त्या दिवशी पंधरा फेऱ्या झाल्या, शेवटची रात्री साडेअकराला.

शनिवारी सकाळी साडेअकरापर्यंत आणखी पाच. मग मालिनीकाकू हॉटेलसमोरच्या फुटपाथवर ठाम उभ्या राहिल्या.

‘‘मी चालले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नऊ मिनिटं आहेत. तुम्ही या तुमच्या फेऱ्या करून.’’

‘‘जोडीचा पास आहे, मालिनी. तू नसलीस तर मी बसू शकत नाही.’’

‘‘मग एक सायकल घ्या. नाहीतर कुत्रा.’’

आणि त्या निघाल्या. राजारामराव डायरी छातीशी धरून मागोमाग. पाच मिनिटं काकू झपाझप चालल्या. आसावरीची गल्ली समोर दिसत होती. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या थांब्यावर सहा नंबरची ट्रॅम येऊन थांबली आणि तिचं दार काकूंच्या बरोबर समोर उघडलं. पुढचा थांबा आसावरीच्या दाराशी. एकच थांबा.

राजारामराव काहीही बोलले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. मालिनीकाकूच आपण होऊन चढल्या. वाटेवरच आहे, त्या मनात म्हणाल्या, एक फेरी होऊन जाईल.

शनिवारी बाजार भरत असल्याने सहा नंबर वळवलेली होती. तशी सूचना तिथल्या भाषेत तीनदा दिली गेली, आणि ती डब्यातल्या सगळ्यांना कळली, या दोघांखेरीज. ट्रॅम गल्ली सोडून डावीकडे वळली, नदी ओलांडली, आणि सव्वीस मिनिटं न थांबता झोन बीमध्ये कारशेडला जाऊन उभी राहिली. परतीची ट्रॅम सव्वाबाराला होती. ती वाटेत बाजारापाशी अडकली. पावणेएक वाजले तरी पूल यायचा होता.

‘‘मालू, टॅक्सी आलीय,’’ फोनवर आसावरी म्हणाली. ‘‘कुठे आहेस?’’

‘‘ट्रॅममध्ये.’’

आसावरी हसली. ‘‘मी दहा मिनिटं थांबवते त्याला,’’ ती म्हणाली. ‘‘त्यापुढे विमान चुकेल गं.’’

बारा सत्तावन्नला पुलापलीकडच्या थांब्यावर उतरता उतरता राजारामरावांनी डायरीत रेघ ओढली आणि अस्फुट आवाजात म्हणाले, ‘‘एकतीस.’’ आणि मालिनीकाकूंना, काय सांगावं, आधी बरं वाटलं. पोटापासून बरं वाटलं. त्यानंतर त्यांना रडू आलं.

आसावरीच्या दाराशी त्या पोचल्या तेव्हा सव्वा वाजून गेला होता. दाराला कुलूप होतं. घंटीवरची नावाची पट्टी काढलेली होती, तिथे डिंकाचा चौकोन राहिला होता. काकू पायरीवर बसल्या. राजारामराव त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, ‘‘चुकलं माझं.’’ ते अगदी मनापासून म्हणाले. मग दोघं हॉटेलवर परतली, चालत, कारण पास संपला होता.

पुढच्या महिन्यात मंडळाने ‘असा पाहा युरोप’ या विषयावर श्री. सबनीस यांचं व्याख्यान ठेवलं. हॉल भरला होता. चौसष्ट स्लाइड्स झाल्या, त्यातल्या एकसष्ट तक्त्यांच्या. प्रश्नोत्तरांत सीमेवरच्या स्टेशनाबद्दल अकरा प्रश्न आले. कारखानिसांनी चेकरच्या कपड्यांबद्दल पूरक माहिती दिली. सगळ्यात मागे मीनाक्षी नावाची एक मुलगी बसली होती, वेन स्टेट विद्यापीठात पीएचडी करणारी, गाडी नसल्यामुळे बसने आलेली. तिने हात वर केला.

‘‘काकू, तुमच्या मैत्रिणीची भेट झाली का?’’

मालिनीकाकू पहिल्या रांगेतून उठल्या.

‘‘नाही झाली,’’ त्या म्हणाल्या.

कुणीतरी चुकचुकलं. देवांगला राहवलं नाही. ‘‘पण काकू, पास वसूल झाला ना?’’

‘‘झाला.’’

टाळ्या पडल्या. बराच वेळ पडत होत्या. पण त्या लोकांना हसण्यात अर्थ नाही, वाचक महाशय. नऊ, पंधरा, पाच आणि दोन ही बेरीज एकतीस होते का, हे तुम्हीही मघाशी मनात करून पाहिलंत, आणि ती बरोबर निघाल्यावर तुम्हालाही जरा हायसं वाटलं. एकेचाळीस वर्षांनी मालिनीकाकूंना आसावरीशी काय बोलायचं होतं, हे मात्र तुम्हीही विचारलं नाहीत.