सटवाजीचा कडू घास

दैवशाला गेल्याची बातमी वालूरला रुग्णवाहिकेच्या आधी पोचली. पोचवली सटवाजीनेच. परभणीच्या दवाखान्यात बाकावर बसून त्याने मोबाइलवर चार ओळी लिहिल्या, खाली मातीची वेळ टाकली. गाडी गावात शिरली तेव्हा दारात माणसं जमली होती, लाकडंसुद्धा येऊन पडली होती. त्या दिवशीही कोणीतरी म्हणालंच, काही म्हणा, सटवाजीला यातलं लय कळतं.

ते त्याला स्वतःलाही पटलेलं होतं. जन्मभर पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग केलेला माणूस. बोटं थरथरायला लागली तसं त्याने दुकान बंद केलं आणि एक जुना कॉम्प्युटर घरी आणला. "मोटारीतली तार दिसती, यातली दिसत न्हाई, एवढाच फरक," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. सगळं जग जिथे फोटो टाकतं त्या साइटवर निम्म्या गावाची खाती त्यानेच उघडून दिली होती.

पहिलं खातं त्याने स्वतःचं उघडलं, दुसरं दैवशालाचं. जन्मतारीख विचारली तर ती म्हणाली, "मला काय म्हाईत? तुमचीच टाका." त्याची एक जून. तीही शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली. गुरुजींनी सगळ्या वर्गाची तीच टाकली होती, म्हणून गावातले सगळे म्हातारे एकाच दिवशी जन्मलेले. दोन्ही खात्यांवर फोटोही एकच लावला, लेकीच्या, राजेश्रीच्या, लग्नात दोघांचा जोडीने काढलेला.

दैवशालाने त्या खात्याचा उपयोग एकाच कामासाठी केला. सटवाजी पुढच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसला की त्याला हाक ऐकू जायची नाही. कॉम्प्युटरचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा चालायचा. मग ती चुलीपुढे बसून मोबाइलमध्ये बोलायची आणि बोललेलं त्याला पाठवायची. मधे एक भिंत. निरोप मात्र कुठल्या कुठे परदेशात जाऊन परत यायचा, आणि तोवर भाकरी गार व्हायची.

ती गेल्यावर तिचा मोबाइल त्याने स्वतःच्या हाताने पुसून कोरा केला आणि राजेश्रीला दिला. "आता कसा नवा झाला बघ," असंही म्हणाला. त्याच्या खात्यात ते निरोप तेवढे राहिले. रोज दुपारी जेवण झालं की तो त्यातला एखादा ऐकायचा आणि मग आडवा व्हायचा. ते ऐकल्याशिवाय त्याला झोप लागत नव्हती.

अशात एक जून आला. सकाळपासून सटवाजीचा मोबाइल वाजायला लागला; दैवशालाच्या पानावर कोणी काही लिहिलं की त्याला कळायचं. साइटने सगळ्यांना आठवण करून दिली होती की आज दैवशालाचाही वाढदिवस आहे. पहिल्या शुभेच्छा आल्या देवगाव फाट्यावरून, तिच्या सख्ख्या भावाकडून, रामकिशनकडून. "उदंड आयुष्य लाभो." रामकिशनने तिला खांदा दिला होता. पण एक जूनला तो न वाचता सगळ्यांना एकच ओळ पाठवायचा, आणि सगळे त्याला. मग सोनपेठच्या मावशी आल्या, केकचं चित्र घेऊन. मग कोणी एक साखर कारखान्यातला. संध्याकाळपर्यंत दैवशालाला शंभरी गाठायचे आशीर्वाद मिळाले.

सटवाजीने मोबाइल विमान मोडवर टाकला आणि ज्वारीच्या कोठीत ठेवून दिला. राजेश्री सोडली तर त्याला फोन करणारं कोणी राहिलं नव्हतं, आणि ती रविवारी करायची.

मग तो कॉम्प्युटरपुढे बसला. माणूस गेल्याचं साइटला कळवायची सोय असते, ते त्याला माहीत होतं. कळवलं की नावावर 'स्मृत्यर्थ' असं येतं, खातं बंद होतं आणि वाढदिवसही बंद. त्याने ते पान शोधून काढलं. कोण वारलं ते निवडा, असं लिहून आलं. खाली दोन खाती. दोन्हींवर तोच लग्नातला फोटो, तीच जन्मतारीख. सटवाजीने नावं वाचलीच नाहीत. वरच्या फोटोतल्या दैवशालाच्या चेहऱ्यावर क्लिक केलं. दाखला मागितला, तो जोडला. दाखल्यावर तिच्या नावापुढे नवऱ्याचं नाव होतंच. पलीकडे जो कोणी बसला असेल त्याला सटवाजी हे नाव दिसलं आणि पुरलं.

दोन-तीन दिवसांनी दुपारी जेवून तो निरोप ऐकायला बसला, तर खातं उघडेना. त्याने पासवर्ड पुन्हा टाकला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मागची वायर काढली, फुंकली, बसवली. पंख्यातली धूळ काढली. "नेट झोपलं," असं म्हणून खुर्चीत मागे टेकला, तेवढ्यात बाहेरून बायांच्या रडण्याचा आवाज आला.

गळा काढून रडणं. गल्लीच्या तोंडापासून जवळ येत चाललेलं. सटवाजीला वाटलं, शेजारी बानूबाईकडे काही बरंवाईट झालं. तिचा सासरा बरेच दिवस अंथरुणावर होता. त्याने टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि बानूबाईच्या दारापुढे जाऊन मान खाली घालून उभा राहिला.

बानूबाई शेळ्यांना पाला टाकत होती. "काय भावजी, कामून उभं राहिलाव?"

"रडायलेत ना बाया. मामा गेले का?"

"मामा चहा प्यायलेत आत," बानूबाई म्हणाली. "बाया तुमच्याच दाराकडं चालल्यात."

सटवाजी वळला. पुढे रामकिशन होता, हातात फडक्यात बांधलेलं मोठं गाठोडं. मागे चार बाया, आणि त्यांच्या मधे, दोन्हीकडून धरलेली, राजेश्री.

"रामकिशन," सटवाजीने हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं रे?"

रामकिशन जागीच थांबला. गाठोडं त्याने छातीशी धरलं. "दाजी, तुमी गेलाव," तो म्हणाला.

"कवा?"

"आमाला सकाळी कळलं. तुमच्या नावावर 'स्मृत्यर्थ' आलंय."

राजेश्रीने बायांचे हात सोडवले, पुढे येऊन बापाचा दंड चाचपला, आणि मग त्याच्यावरच ओरडली. "आबा, फोन कुठंय तुमचा?"

"ज्वारीत."

"गंगाखेडपासून रडत यायलेय मी. एसटीत अनोळखी बाया मला धरून बसल्या. आन् तुमचा फोन ज्वारीत?"

रडायला आलेल्या बायांना काय करावं कळेना. एकीने डोळे पुसले आणि विचारलं, "मंग आता बसायचं का जायचं?"

"बसा की," बानूबाई कुडावरून म्हणाली. "एवढं लांबून आलाव."

खरी पंचाईत गाठोड्याची होती. ज्या घरी मरण होतं त्या घरी चूल पेटत नाही, म्हणून सोयरे शिजवून आणतात तो कडू घास रामकिशनच्या बायकोने पाठवला होता. आणि तो माघारी आणायचा नाही, असं बजावलं होतं.

"मरणाच्या घरचं म्हणून रांधलेलं हाय," रामकिशन म्हणाला. "माझ्या घरात परत कसं नेऊ?"

"आण इकडं," सटवाजी म्हणाला.

ओसरीवर सगळे बसले. पिठलं, भाकरी, कांदा. चार महिन्यांत सटवाजीने स्वतः थापलेल्या भाकरीशिवाय काही खाल्लं नव्हतं, आणि त्याची भाकरी बानूबाईची शेळीसुद्धा हुंगून सोडून द्यायची. त्याने दोन खाल्ल्या आणि तिसरी मागितली.

"सोताचा कडू घास खानारा पयला मानूस बघायलेय मी," बानूबाई म्हणाली.

"पिठलं चांगलं झालंय," सटवाजी म्हणाला. दैवशालाच्या वेळी आलेल्या कडू घासाची चव त्याला आठवत नव्हती.

जेवण झाल्यावर राजेश्री कॉम्प्युटरपुढे बसली. तिने साइटला लिहायला घेतलं की माणूस जिवंत आहे, खातं उघडा. साइटने विचारलं, मृत व्यक्तीशी तुमचं नातं काय? पती, पत्नी, मुलगा, मुलगी, मित्र.

"मी स्वतः, असं न्हाई का त्यात?" सटवाजीने विचारलं.

"न्हाई."

"मग मित्र टाक."

लगेच उत्तर आलं, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. तिने 'मुलगी' निवडून पाहिलं. पुन्हा तेच दुःख. आधार कार्ड जोडलं, तर कळलं की मृत व्यक्तीची कागदपत्रं वापरणं गुन्हा आहे.

सटवाजी खाटेवर बसला. आता त्याचा चेहरा खरोखर मेलेल्या माणसासारखा झाला. "खातं गेलं तर जाऊ दे," तो म्हणाला. "तुझ्या आईचे निरोप हायेत त्यात. दुसरीकडं कुठंच न्हाईत."

"कामून न्हाईत? आईच्या खात्यातूनच गेले ना ते?"

"मोबाइल पुसला म्या."

"मोबाइल पुसला. खातं कुठं पुसलं?"

सटवाजी खाटेवरून उठून कॉम्प्युटरजवळ आला. एवढी वर्षं गावाला शिकवलं, आणि हे सुचलं नव्हतं. राजेश्रीने विचारलं, "आईचा पासवर्ड काय हाय?"

"माझाच. तीबी म्हणली, तुमचाच टाका."

खातं उघडलं. ओसरीवरून रामकिशन आत आला, मोबाइल हातात, तोंड पांढरं पडलेलं. "दाजी," तो म्हणाला, "ताई ऑनलाइन आली."

"मी हाय मामा ती," राजेश्री म्हणाली, आणि तिने आवाज मोठा केला.

पंखा गिरणीसारखा चालू होता. त्यातून दैवशाला बोलली, "कवाची हाका मारायलेय. भाकर गार व्हायलीय. येता का मी झाकून ठेऊ?" बाहेरच्या बाया खिडकीशी गोळा झाल्या. रामकिशन टोपी काढून दारातच खाली बसला.

"आता हिचं कळवायचं का आबा?" राजेश्रीने विचारलं. "कळवलं की हेबी बंद होईल. न्हाई कळवलं तर जूनमधी परत शुभेच्छा."

"बघू," सटवाजी म्हणाला.

बघू म्हणाला त्यालाही आता वर्ष होत आलं. साइटच्या हिशेबात सटवाजी मेलेला आहे आणि दैवशाला रोज दुपारी जेवणानंतर ऑनलाइन येते. यंदाच्या एक जूनलाही रामकिशनने तिला उदंड आयुष्य दिलं. दैवशाला गेल्याचं साइटला कळवायचं मात्र राहून गेलं आहे.