‘ऐकताय ना राव’चं पूर्ण नाव

संस्था कशासाठी काढली, हे लोक दोन-चार वर्षांत विसरतात. नावात कोण राहिलं, हे मात्र तिसऱ्या पिढीलाही पाठ असतं. पिंपरी पेंढारच्या सामुदायिक रेडिओ केंद्राची उभारणी याच भक्कम पायावर झाली.

केंद्राची निवेदिका जास्मिन हिने नाव सुचवलं, ‘ऐकताय ना राव’. तरुणांना ‘बिबट्या एफएम’ हवं होतं, पण बिबट्याला आणखी प्रसिद्धीची गरज नाही म्हणून ते फेटाळलं. ‘रेडिओ टोमॅटो’ त्या आठवड्याच्या बाजारभावामुळे अशुभ ठरलं. शेवटी जास्मिनचं नाव एकमताने मंजूर झालं आणि ती हरखून गेली. पोरगी नवखी होती. एकमतानंतर खरी चर्चा सुरू होते, हे तिला ठाऊक नव्हतं.

खोली देणाऱ्यांचे वडील नावात आले. मग खोलीला पत्रे देणाऱ्यांचे आले. हौशीरामांचे आजोबा आले, कारण केंद्राचा मनोरा त्यांच्या बांधावर (वाद चालू असलेल्या बाजूला) उभा होता. लहरी तालुक्याची हद्द ओलांडतात हे कळताच शेजारच्या तालुक्यातल्या निरगुडसर आणि पेठ गावांची शिष्टमंडळं आपापले थोर पुरुष घेऊन आली. जास्मिनचे आजोबाही नावात बसले, कारण सभेचा चहा त्यांच्या हॉटेलातला होता. अध्यक्ष सयाजीराव उदार मनाचे, त्यांनी कुणालाच नाही म्हटलं नाही. उलट नियम केला की, प्रत्येक निवेदनाआधी केंद्राचं पूर्ण नाव घ्यावं. मध्ये श्वास घेतलेला चालेल.

नाव घेऊन होईपर्यंत ऐकणाऱ्याचा चहा उकळून, गाळून, पिऊन होई. लोकांना हा कार्यक्रम बेहद्द आवडला. एका पाहणीनुसार (ती सयाजीरावांनी पारावर बसून केली) शंभरातले शंभर श्रोते नाव संपेपर्यंत जागचे हलत नसत आणि संपताच रेडिओ बंद करत. जास्मिनने खपून तयार केलेला पीकसल्ला तिच्या अब्बांखेरीज कुणी ऐकला नव्हता. अब्बांना शेत नव्हतं. आपण सांगितलेलं एकदा तरी कुणाच्या उपयोगी पडावं, असं तिला फार वाटे.

एके सकाळी हौशीराम धापा टाकत खोलीत शिरले.

“पोरी, लवकर सांग! टेकडीवरनं गुराख्याचा फोन आला, आमच्या उसात बिबट्या शिरलाय. आमची कारभारीण सारजा तिथंच बांधावर गवत कापतीये. फोन घरीच इसरलीय, पण रेडिओ हाय तिच्यापाशी.”

जास्मिनने बटण दाबलं आणि सवयीने तोंडातून नावच सुरू झालं. पत्रेवाल्यांच्या वडिलांपाशी ती भानावर आली. तिने हौशीरामांकडे पाहिलं, तर ते चपला काढून, हात जोडून उभे. पुढचं नाव त्यांच्या आजोबांचं होतं.

“भाऊ, नाव ऱ्हाऊ देऊ का?”

“न्हाई न्हाई, घे की. पण जरा पटापटा.”

जास्मिनने आजोबांना तिथेच सोडलं आणि माइकवर ओरडली, “सारजाकाकू, उसात बिबट्या हाय! असाल तशा रस्त्याला या!”

सारजाबाई रस्त्याला आल्या. बिबट्या उपाशी गेला. केंद्राच्या इतिहासात कुणाच्या तरी उपयोगी पडलेलं हे पहिलं निवेदन, म्हणून संध्याकाळी त्याच्या निषेधाची सभा भरली.

जास्मिनची सगळी भिस्त सारजाबाईंवर होती. त्या उभ्या राहिल्या.

“जीव वाचला, पोरीचं लई उपकार. पण पत्र्यावाल्याच्या बापाचं नाव घेतलं अन् आमच्या आजेसासऱ्यापाशी बरी थांबली! मी इळा खाली ठिऊन, डोक्यावर पदर घिऊन उभी व्हते ना!”

ठराव झाले. जास्मिनला सक्त ताकीद. आजेसासऱ्यांचं नाव भरपाई म्हणून दोनदा. आणि वन्यप्राण्यांनी केंद्राचं नाव पूर्ण होईस्तोवर धीर धरावा, अशी त्यांना नम्र विनंती. जास्मिनने मान खाली घालून माफी मागितली. मनातून मात्र ती नाचत होती, कारण सारजाबाई शिव्या द्यायला जिवंत होत्या.

तुम्ही हसलात, हरकत नाही. तुमच्या घरी शेवटची लग्नपत्रिका आली, ती जरा आठवा. नवरीचं नाव काय होतं? मुहूर्त कितीचा? नाही ना आठवत? आणि निमंत्रकांत तुमचं नाव कुणाच्या खाली छापलं होतं?